ऑप्टिक नर्व्ह आणि सायनस: ‘हाड दिसत नाही’ या वाक्याचा अर्थ

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सायनसच्या एंडोस्कोपिक शस्त्रक्रियेपूर्वी केलेल्या सीटी स्कॅनच्या अहवालात ‘उजव्या ऑप्टिक नर्व्हवर स्फेनॉइड सायनसच्या बाजूने हाड नाही’ असे लिहिले होते (ऑप्टिक नर्व्ह म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणारी दृष्टीची नस, आणि स्फेनॉइड सायनस म्हणजे नाकाच्या मागे कवटीच्या तळातील हवेची पोकळी). शस्त्रक्रियेत मात्र त्या जागी पातळ, पण अखंड हाड आढळले. मग सीटीवर कितपत विसंबावे, शंका असेल तेथे एमआरआय मागवावा का, आणि चांगल्या अहवालात या नर्व्हबद्दल नेमके काय लिहिलेले असावे?

मी अनेक वर्षे डोके आणि मान या भागाच्या प्रतिमा वाचत आलो आहे, आणि हा अनुभव मला नवा नाही. अहवाल लिहिणाऱ्याने फार मोठी चूक केली असे मला वाटत नाही. त्याने ‘हाड दिसत नाही’ असे लिहायचे ते ‘हाड नाही’ असे लिहिले. या दोन वाक्यांतील अंतर समजून घेतले, तर आपल्या तीन प्रश्नांपैकी दोन प्रश्न बरेचसे सुटतात. मात्र त्याहून महत्त्वाचे म्हणजे, हाड आहे की नाही हा प्रश्नच मुळात दुय्यम आहे. शस्त्रक्रिया करताना आपली आणि नर्व्हची गाठ सायनसच्या कोणत्या कप्प्यात, कोणत्या दिशेने आणि किती खोलीवर पडणार आहे, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर सीटी बहुतेक वेळा अतिशय विश्वासाने देऊ शकतो.

प्रथम रचना पाहू. नेत्रगोलापासून दोन्ही बाजूंच्या नर्व्ह जेथे एकत्र येतात तेथपर्यंत ऑप्टिक नर्व्हची लांबी साधारण साडेचार ते पाच सेंटिमीटर असते. त्यातील सुमारे अडीच सेंटिमीटरचा भाग डोळ्याच्या खोबणीत, चरबीच्या गादीत, थोडा सैल आणि किंचित वळणदार असतो. डोळा फिरावा म्हणून निसर्गाने तेथे ढिलाई ठेवलेली आहे. त्यानंतरचा ५ ते १० मिलिमीटरचा भाग ऑप्टिक कॅनालमधून, म्हणजे स्फेनॉइड हाडाच्या लहान पंखाच्या दोन मुळांमधील बोगद्यातून जातो. या बोगद्यात नर्व्हचे आवरण हाडाच्या आवरणाला घट्ट जोडलेले असते आणि सोबत खालच्या-बाहेरच्या बाजूने ऑफ्थाल्मिक धमनीही असते. येथे ढिलाई अजिबात नाही. खोबणीत काही मिलिमीटरची सूज नर्व्ह सहन करते; बोगद्यात तेवढीच सूज दृष्टी घालवू शकते. आणि नेमक्या या बोगद्याची आतली भिंत म्हणजेच स्फेनॉइड सायनसची, किंवा काही व्यक्तींत सर्वांत मागच्या एथमॉइड (दोन डोळ्यांमधील लहान हवेच्या पोकळ्यांपैकी) कप्प्याची, बाहेरची भिंत असते.

ही भिंत किती पातळ असते? फुजी, चेंबर्स आणि ऱ्होटन यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या शवविच्छेदनावर आधारित अभ्यासात नर्व्ह आणि सायनस यांमधील हाड ७८ टक्के ठिकाणी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी जाडीचे आढळले, तर ४ टक्के ठिकाणी हाड नव्हतेच. तेथे नर्व्हचे आवरण आणि सायनसचे श्लेष्मल अस्तर एवढेच मध्ये होते. म्हणजे पातळ हाड हा अपवाद नसून तोच नियम आहे. आजच्या सीटी यंत्रांवर सर्वांत बारीक छेद साधारण ०.५ ते ०.६ मिलिमीटरचे मिळतात. जी वस्तू मोजायची तिच्याहून मोजपट्टीचा एक घर मोठा आहे, ही सगळ्या गोंधळाची मूळ गोष्ट.

येथे एक साधा हिशोब करून पाहावा. सीटीच्या मापात हवा सुमारे उणे १०००, मऊ ऊती सुमारे अधिक ४० आणि पातळ हाड, समजा, अधिक १००० असते. ०.६ मिलिमीटरच्या एका घनकणात, म्हणजे प्रतिमेच्या सर्वांत लहान घनात, एक तृतीयांश हवा, एक तृतीयांश हाड आणि एक तृतीयांश नर्व्हचे आवरण आले, तर यंत्र या तिघांची सरासरी दाखवणार, आणि ती सुमारे अधिक १३ येते. हा आकडा मऊ ऊतीचा आहे. हवेने हाडाला अक्षरशः खोडून टाकले! प्रत्यक्षात प्रतिमा तयार होण्याची प्रक्रिया याहून गुंतागुंतीची असते, पण दिशा हीच. त्यामुळे हवेने भरलेल्या सायनसला लागून असलेले पातळ हाड प्रतिमेत नाहीसे होणे अगदी स्वाभाविक आहे. याच्या उलटही घडते. हाडासाठी वापरले जाणारे तीक्ष्ण पुनर्रचनेचे गणित कडा उठावदार करते, आणि हवा व मऊ ऊती यांच्या सीमेवर, हाड नसतानाही, एक बारीक उजळ रेघ उमटू शकते. म्हणजे सीटी नसलेले हाड दाखवू शकतो आणि असलेले लपवूही शकतो. त्यात विंडो (प्रतिमेत दाखवल्या जाणाऱ्या मापांचा पट्टा) अरुंद ठेवली की पातळ हाड आणखी पुसले जाते. म्हणून ही भिंत पाहताना विंडोची रुंदी किमान २०००, शक्यतो ३००० ते ४००० ठेवावी, आणि केवळ एका छेदात दिसलेल्या फटीवर निष्कर्ष काढू नये. सलग काही छेदांत आणि किमान दोन प्रतलांत हाड दिसत नसेल, तर ‘हाड दिसत नाही, ते अत्यंत पातळ असावे किंवा नसावे’ असे लिहावे.

शल्यचिकित्सकाच्या दृष्टीने या दोन शक्यतांत व्यवहारात फरक किती? माझ्या मते जवळजवळ नाही. पाव मिलिमीटरचे हाड ना उपकरणाला अडवते, ना उष्णतेला, ना संसर्गाला. ज्या ठिकाणी सीटीत हाड दिसत नाही, त्या ठिकाणी ते नाहीच असे धरून वागावे; आणि ज्या ठिकाणी दिसते, तेथेही त्याच्या भरवशावर राहू नये. आपल्या रुग्णात हाड निघाले, हे चांगलेच झाले. पण त्यामुळे अहवालातील सावधगिरीचा इशारा चुकीचा ठरत नाही.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे नाते. डेलानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली सीटीच्या आधारे या नात्याचे चार प्रकार मांडले, आणि ते आजही वापरात आहेत. पहिल्या प्रकारात नर्व्ह स्फेनॉइड सायनसच्या लगत जाते, पण भिंतीवर कोणताही उंचवटा उमटत नाही. त्यांच्या मालिकेत हा प्रकार ७६ टक्के होता. दुसऱ्यात नर्व्हमुळे सायनसच्या भिंतीवर आतून उंचवटा दिसतो, तो १५ टक्के. तिसऱ्यात नर्व्हचा निम्म्याहून अधिक घेर सायनसच्या हवेने वेढलेला असतो, म्हणजे नर्व्ह सायनसमधून एखाद्या नळीसारखी जाते. हे ६ टक्के. चौथ्यात नर्व्ह स्फेनॉइडबरोबरच मागच्या एथमॉइड कप्प्यालाही लागून असते. हे ३ टक्के. हे आकडे सर्वत्र जसेच्या तसे लागू होतील असे नाही, कारण हवा भरण्याचे प्रमाण व्यक्तीनुसार आणि लोकसमूहानुसार बदलते. पण वर्गीकरणाची उपयुक्तता आकड्यांत नसून ते वाचणाऱ्याला पाहायला काय लावते यात आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराशी एक खूण घट्ट निगडित आहे: अँटीरियर क्लिनॉइड या हाडाच्या टोकात हवा शिरलेली असणे. क्लिनॉइड पोकळ दिसला की नर्व्हच्या वर-बाहेरही हवा आहे, आणि खाली नर्व्ह व मेंदूला रक्त पुरवणारी कॅरोटिड धमनी यांच्यामधील खोबणही खोल आहे, असे समजून चालावे. कित्येकदा मी प्रथम क्लिनॉइड पाहतो आणि मग नर्व्हकडे वळतो, कारण क्लिनॉइडमधील हवा नजरेतून सुटत नाही.

चौथ्या प्रकारावर मला अधिक बोलायचे आहे, कारण संख्येने तो लहान असला तरी अपघाताच्या दृष्टीने तो सर्वांत वाईट आहे. सर्वांत मागचा एथमॉइड कप्पा स्फेनॉइडच्या वर आणि बाहेर सरकलेला असेल, तर त्याला ओनोडी कप्पा म्हणतात. बुडापेस्ट येथील स्वरयंत्र व नासिका-तज्ज्ञ अडॉल्फ ओनोडी (१८५७–१९१९) यांच्यावरून हे नाव पडले. असा कप्पा असला की नर्व्ह, आणि कधीकधी कॅरोटिडसुद्धा, स्फेनॉइडमध्ये नव्हे तर या एथमॉइड कप्प्याच्या बाहेरच्या भिंतीत सापडते. शल्यचिकित्सक एथमॉइड साफ करत मागे जातो, समोर एक भिंत दिसते, ती स्फेनॉइडची पुढची भिंत आहे असे त्याला वाटते आणि तो सरळ मागे व बाहेर शिरतो. प्रत्यक्षात स्फेनॉइड त्या वेळी आत आणि खाली राहिलेला असतो, आणि उपकरणाच्या टोकाशी नर्व्ह असते. दिशेची ही चूक हाताच्या कौशल्याने टळत नाही; ती आधी नकाशा पाहूनच टळते.

ओनोडी कप्पा ओळखण्याची सर्वांत सोपी खूण कोरोनल (चेहऱ्याला समांतर उभ्या) छेदात मिळते. स्फेनॉइड सायनसचे मधले पडदे सर्वसाधारणपणे उभे किंवा तिरपे असतात. एका बाजूच्या ‘स्फेनॉइड’मध्ये आडवा पडदा दिसला, तर वरचा भाग स्फेनॉइड नसून ओनोडी असण्याची शक्यता प्रबळ असते, दोन्ही बाजूंना असेल, तर मधल्या उभ्या पडद्यासह तेथे क्रूसासारखी आकृती दिसते. मात्र एवढ्यावर थांबू नये. वरच्या कप्प्याचा माग अ‍ॅक्सियल (आडव्या) व सॅजिटल (बाजूने दिसणाऱ्या उभ्या) छेदांत पुढे घ्यावा. तो एथमॉइडच्या दिशेने मोकळा होत असेल तरच तो ओनोडी. वेगवेगळ्या अभ्यासांत याचे प्रमाण खूप वेगवेगळे आढळते, त्याचे एक मोठे कारण व्याख्या: काही जण कप्पा स्फेनॉइडच्या वर आला की त्याला ओनोडी म्हणतात, तर काही जण नर्व्हचा उंचवटा त्यात दिसल्याशिवाय ते नाव देत नाहीत. म्हणून अहवालात ‘ओनोडी आहे’ एवढेच लिहिणे मला अपुरे वाटते. नर्व्ह त्या कप्प्याला लागून आहे का, आणि असेल तर किती लांबीपर्यंत, हे लिहावे.

स्फेनॉइडच्या आतील पडद्यांबद्दल एवढेच, की ते फार क्वचित मध्यभागी असतात. त्यांचे मागचे टोक अनेकदा कॅरोटिडच्या किंवा ऑप्टिक कॅनालच्या भिंतीला जोडलेले असते, आणि असा पडदा पकडून पिळून काढला तर ती भिंतही सोबत निघू शकते. पडदा कोठे टेकतो हे अहवालात यायलाच हवे.

तपासणीच्या तंत्राबद्दल माझा आग्रह एकाच गोष्टीसाठी आहे: बारीक छेदांची मूळ माहिती. ऑप्टिक कॅनाल मधल्या रेषेशी सुमारे ३५ ते ४० अंशांचा कोन करून पुढून मागे आत वळते. त्यामुळे ३ मिलिमीटर जाडीच्या सरळ कोरोनल छेदात तिची आतली भिंत छेदाच्या एका पृष्ठापासून दुसऱ्या पृष्ठापर्यंत २ ते २.५ मिलिमीटर सरकलेली असते, आणि प्रतिमेत ती भिंत फराटल्यासारखी दिसते. अशा छेदांवर नर्व्हवरील हाडाबद्दल मत देणे म्हणजे धुक्यात सुईचे नेढे शोधणे. ०.६ मिलिमीटरच्या आसपासचे छेद घेतले, तर संगणकावर हवे ते प्रतल तयार करता येते. आतली भिंत बाजूने पाहण्यासाठी कॅनालला समांतर अ‍ॅक्सियल, आणि नर्व्हच्या भोवती हवा किती आहे हे पाहण्यासाठी कॅनालला काटकोनातील तिरपा कोरोनल, प्रत्येक बाजूचा स्वतंत्र, अशी दोन प्रतले मी नेहमी बनवतो. पूर्वी याच बोगद्याचे तोंड पाहण्यासाठी डोके विशिष्ट कोनात वळवून साधा एक्स-रे घेत असत. आज तीच युक्ती आपण रुग्णाला न हलवता करतो. अनेक ठिकाणी साठवणुकीत फक्त जाड छेद ठेवले जातात आणि बारीक माहिती काही दिवसांत पुसली जाते. त्यामुळे शस्त्रक्रियेचा निर्णय होताच ती मागून घ्यावी, अन्यथा रुग्णाला विनाकारण दुसऱ्यांदा किरणोत्सर्ग सोसावा लागतो, आणि या तपासणीत डोळ्याचे भिंग किरणांच्या मार्गातच असते. नुसत्या रचनेसाठी कॉन्ट्रास्टची (शिरेतून दिल्या जाणाऱ्या द्रव्याची) गरज नसते आणि कमी मात्रेचा स्कॅनही पुरतो.

वाचण्याच्या क्रमाबद्दल माझी एक सवय सांगतो. बहुतेक जण सायनस पाहता पाहता वाटेत नर्व्ह पाहतात. मी उलट करतो. नेत्रगोलाच्या मागून नर्व्ह धरतो आणि ती कवटीच्या पोकळीत शिरेपर्यंत सोडत नाही. प्रत्येक टप्प्यावर तिच्या आतल्या बाजूला कोणता कप्पा आहे, त्याचे नाव घेतो. सायनसच्या अंगाने पाहिले तर ओनोडी हा ‘स्फेनॉइडचा वरचा भाग’ म्हणून सहज निसटतो. नर्व्हच्या अंगाने पाहिले तर तो निसटत नाही, कारण त्या कप्प्याचे नाव ठरवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सुरुवातीच्या वर्षांत एका शल्यचिकित्सक सहकाऱ्याने मला दूरध्वनी करून विचारले होते, “तुम्ही स्फेनॉइड मोठा आहे म्हणता, पण मी ज्या पोकळीत आहे तिला नैसर्गिक मुखच सापडत नाही, हे कसे?” तो ओनोडीत होता. सुदैवाने तो थांबला आणि विचारले. त्या दिवसापासून ही सवय लागली.

आता एमआरआय. ‘हाड आहे का’ या प्रश्नासाठी एमआरआय मागवू नये, कारण त्यात हवा आणि घट्ट हाड दोन्ही सारखेच काळे दिसतात. सीटीला जे कठीण जाते ते एमआरआयला अशक्यच आहे. त्याचे काम दुसरे आहे. सायनस हवेने भरलेला असेपर्यंत सीटीवर नर्व्हची कड स्पष्ट असते. तोच सायनस पू, बुरशी, पॉलिप किंवा गाठ यांनी भरला की हवेची पार्श्वभूमी जाते, आणि पातळ भिंतीच्या अलीकडे व पलीकडे सगळे एकाच राखाडी रंगाचे होते. अशा वेळी नर्व्ह कोठे संपते आणि रोग कोठे सुरू होतो, हे एमआरआयच सांगतो. दृष्टी कमी झाली असेल, डोळ्याच्या हालचाली अडखळत असतील, सायनसची भिंत फुगलेली किंवा खाल्लेली दिसत असेल, किंवा रोगप्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या रुग्णात बुरशीची शंका असेल, तर एमआरआय लगेच करावा. शेवटच्या गटात सीटीतील अखंड हाडाने निर्धास्त होऊ नये. आक्रमक बुरशी रक्तवाहिन्यांच्या कडेने पसरते आणि हाड शाबूत असतानाच डोळ्याच्या खोबणीच्या टोकाशी पोहोचलेली असू शकते. तेथे चरबीचा संकेत दाबलेल्या कॉन्ट्रास्टोत्तर प्रतिमा आणि डिफ्यूजन (ऊतींतील पाण्याच्या रेणूंची हालचाल दाखवणाऱ्या) प्रतिमा दोन्ही हव्यात, कारण नर्व्हचा रक्तपुरवठा तुटला असेल तर तो डिफ्यूजनमध्ये सर्वांत आधी दिसतो.

एमआरआयचे दोन सापळे माहीत असावेत. पहिला असा, की सायनसमधील स्राव जसजसा घट्ट होतो आणि त्यातील प्रथिनांचे प्रमाण वाढते, तसतसा टी-टू या प्रकारच्या एमआरआय प्रतिमेतील त्याचा संकेत घटत जातो; अगदी घट्ट स्राव किंवा बुरशीचा गोळा पूर्ण काळा, म्हणजे हुबेहूब हवेसारखा दिसू शकतो. पूर्ण भरलेला स्फेनॉइड ‘निरोगी’ म्हणून सोडून दिला जातो तो यामुळेच. सोबत सीटी ठेवून पाहिले की ही चूक होत नाही. दुसरा सापळा खोबणीच्या टोकाशी असतो. हवा आणि ऊती यांच्या सीमेवर चुंबकीय क्षेत्र विस्कळीत होते, तेथे चरबीचा संकेत नीट दबत नाही, आणि न दबलेली चरबी नर्व्हभोवती कॉन्ट्रास्ट घेतल्यासारखी उजळते. स्फेनॉइडमध्ये भरपूर हवा असलेल्या निरोगी माणसात हे अधिक दिसते. डिक्सन पद्धतीने चरबी वेगळी केली, तर हा दोष बराच कमी होतो.

स्फेनॉइड किंवा ओनोडीतील म्यूकोसीलबद्दल वेगळे सांगितलेच पाहिजे. कप्प्याचे तोंड बंद होऊन आत साठलेला स्राव भिंत हळूहळू फुगवतो आणि बोगद्यातील नर्व्हवर दाब येतो. नाकाची कोणतीही तक्रार नसलेल्या रुग्णाची एका डोळ्याची दृष्टी काही दिवसांत घटते, डोळ्याच्या आतील तपासणी सुरुवातीला स्वच्छ असते, आणि रुग्णावर ऑप्टिक न्यूरायटिसचे (नर्व्हच्या दाहाचे) लेबल लागून स्टेरॉइड सुरू होते. काही काळ बरेही वाटते. म्हणून डोळ्यामागील न्यूरायटिसच्या शंकेने केलेल्या प्रत्येक एमआरआयमध्ये मागचे सायनस मुद्दाम पाहावेत, आणि स्टेरॉइडच्या आधी पाहावेत, कारण तेथे संसर्ग असेल तर औषध उलटू शकते.

आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून, आपल्या रुग्णासाठी मी काय लिहिले असते ते देतो: ‘उजवी ऑप्टिक नर्व्ह स्फेनॉइड सायनसच्या वरच्या-बाहेरच्या भिंतीवर उंचवटा निर्माण करते, तिचा निम्म्याहून कमी घेर हवेने वेढलेला आहे. त्यावरील हाड सलग छेदांत आणि दोन प्रतलांत दिसत नाही, ते अतिपातळ असावे किंवा नसावे. अँटीरियर क्लिनॉइडमध्ये हवा आहे. ओनोडी कप्पा नाही. स्फेनॉइडमधील पडदा उजव्या कॅरोटिडच्या भिंतीला मागे जोडलेला आहे.’ अर्थात आपण सांगितलेल्या हाडाखेरीज बाकी तपशील मी नमुन्यासाठी घातले आहेत. पण कोणत्या गोष्टींचा उल्लेख यायला हवा, हे त्यातून लक्षात येईल. ‘ओनोडी नाही’ हेही मी मुद्दाम लिहितो, कारण उल्लेख नसणे म्हणजे पाहिले आणि नाही, की पाहिलेच नाही, हे वाचणाऱ्याला कळत नाही.

दिशादर्शक नेव्हिगेशन वापरणार असाल तर एवढे ध्यानात ठेवावे, की त्याची प्रत्यक्षातील अचूकता साधारण २ मिलिमीटरच्या आत मानली जाते, आणि ज्या भिंतीबद्दल आपण बोलत आहोत ती त्याच्या एक चतुर्थांशापेक्षाही पातळ असते. पडद्यावरचे टोक नर्व्हपासून १ मिलिमीटर दूर दिसत असेल, तर ते टोक नर्व्हवर टेकलेलेही असू शकते.